शेषगिरीरावांचे उपाशी उंदीर

शेषगिरीरावांच्या हाताला गुण आहे, असं सगळी प्रयोगशाळा म्हणत असे. ते स्वतः असं कधी म्हणाले नाहीत. कुणी म्हणू लागलं की मात्र ते हातातलं काम थांबवून शेवटपर्यंत ऐकून घेत.

प्रयोगशाळा म्हणजे मल्लेश्वरममधला एक जुना कौलारू बंगला. पुढच्या खोल्यांत काचसामान, मधल्या व्हरांड्यात सरकारी फायली आणि मागच्या अंगणात उंदरांचं घर. रानातल्या औषधी साली आणि मुळ्या आणून त्यांचा खरोखर काही उपयोग होतो का, हे तिथे तपासत. शेषगिरीराव तिथे नऊ वर्षं साहाय्यक होते, आणि नऊही वर्षं तात्पुरते. या काळात बंगल्याची कौलं दोनदा बदलली, संचालक एकदा बदलले, राज्याच्या हद्दीसुद्धा बदलल्या, पण रावांच्या नावामागचा 'तात्पुरता' हा शब्द कुणाला हलवता आला नाही. घरी, बसवनगुडीत, त्यांच्या बायकोला, गोदूबाईंना, हा शब्द फार लागे. त्या माहेरी गेल्या की वहिनी कॉफीचा पेला हातात देताना हटकून विचारायची, "भावोजी अजून तसेच का हो?" आणि मग ती कॉफी गोदूबाईंच्या घशाखाली उतरत नसे.

म्हणून १९६२ च्या जानेवारीत संचालक डॉक्टर हंबीररावांनी जेव्हा सांगितलं, की एक जागा कायम होणार, एप्रिलअखेर समिती येऊन काम बघणार आणि त्यावर ठरवणार, तेव्हा गोदूबाईंनी मनातल्या मनात ती जागा घेऊनही टाकली. जागा एक होती आणि तात्पुरते दोन होते. दुसरी होती पद्मावती. सव्वीस वर्षांची, बारीक अंगाची, कमी बोलणारी. तीही रावांसारखीच त्या कानडी शहरात पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या मराठी घरातली, त्यामुळे त्यांना ती 'अण्णा' म्हणे आणि ते तिला 'पद्मा'. राव तिच्याकडे प्रेमानं बघत. जिच्याकडून आपल्याला काही धोका नाही, तिच्याकडे माणूस बघतो तसं.

काम एका सालीचं होतं. मलनाडच्या रानातली ही कडू साल, सांधे धरले की तिकडचे लोक घेतात. तिच्यातून काढलेलं पिवळं सत्त्व दिसायला मोठं देखणं, पण पाण्यात विरघळायचं नाव काढत नसे. तासभर ढवळा, हात थांबला की ते निवांत तळाशी जाऊन बसे. आता जे पाण्यात विरघळत नाही ते आतड्याच्या भिंतीतून पलीकडे रक्तात जाणार कसं? आणि रक्तात गेलं नाही तर आलं तसं बाहेर पडणार, म्हणजे औषध म्हणून त्याचा उपयोग काय? एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर उंदरांनी द्यायचं होतं.

रीत ठरलेली होती. आदल्या दिवशी चार वाजता उंदरांचं खाणं काढून घ्यायचं. सकाळी ते सत्त्व डिंकाच्या पाण्यात घोटून बारीक नळीनं उंदराच्या पोटात सोडायचं. दोन तासांनी शेपटीतून थोडं रक्त घ्यायचं, ते निथळू द्यायचं, वर जे फिकट पाणी राहतं त्यात एक आम्ल घालायचं. सत्त्व रक्तात उतरलं असेल तर लाल रंग येई, नसेल तर पाणी तसंच फिकट राही. मंगळवारी सहा उंदीर रावांचे, शुक्रवारी सहा उंदीर पद्मावतीचे.

पहिल्याच मंगळवारी रावांच्या सहाही नळ्या डाळिंबाच्या रसासारख्या लाल झाल्या. शुक्रवारी पद्मावतीच्या सहाही कोऱ्या राहिल्या. पुढच्या मंगळवारी लाल, शुक्रवारी कोऱ्या. असं एक आठवडा नाही, आठ आठवडे चाललं.

हंबीरराव रजिस्टर बघून म्हणाले, "शेषगिरी, हाताला गुण आहे तुमच्या."

"छे छे, सर," राव म्हणाले, आणि सर आणखी काही म्हणतात का याची वाट बघत उभे राहिले.

पद्मावतीला हात कसा हलका ठेवावा, उंदराशी आधी दोन शब्द कसे बोलावेत, नळी सोडताना आपला श्वास कसा धरावा, हे त्यांनी तीन वेळा समजावून सांगितलं. "स्वल्प प्रेमानं करायचं, पद्मा. प्राण्याला कळतं सगळं. तू नुसती घड्याळाकडे बघतेस."

"सरी, अण्णा," ती कानडी वळणानं होकार देई, आणि पुन्हा घड्याळाकडे बघूनच काम करी.

खरं तर ती सगळंच घड्याळाकडे बघून करी. आदल्या दिवशी चार वाजता ती स्वतः मागच्या अंगणात जाई, आपले सहा उंदीर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यांत घाले, ते पिंजरे आपल्या खोलीत आणी, पाणी भरून ठेवी, दाराला कुलूप लावी आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधून साडेपाचला घरी जाई. कोंडताना आणि पुन्हा सकाळी प्रत्येक उंदीर तागडीत घालून वजन लिही. राव असल्या बारीकसारीक कामात पडत नसत. सोमवारी चारला ते व्हरांड्यातूनच आवाज देत, "तानूबाई, उद्या माझे सहा. धान्य काढून घ्या. गहू नाही, हरभरा नाही, ज्वारी नाही. पाणी तेवढं ठेवा." तानूबाई मागून "व्हय, रावसाहेब" म्हणे. मग राव टोपी घालत, कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफी घेत आणि बस पकडून चामराजपेटेत जात. रामनवमीच्या मांडवात गाणं सुरू झालं की पुढची रांग मिळायला लवकर जावं लागतं, आणि मांडव नसे तेव्हा जाण्यासाठी एखादं भजन तरी असेच.

तानूबाई उंदरांचं घर सांभाळायची. निपाणीकडची, पन्नाशीची, कपाळ कोरं, आवाज खणखणीत. दीडशे उंदरांना ती लेकरं म्हणे आणि त्यांतल्या निदान वीस जणांना नावानं ओळखे. एखादा उंदीर प्रयोगात दगावला तर त्या दिवशी ती कुणाशी बोलत नसे, आणि तिचं ते न बोलणं संचालकांच्या खोलीपर्यंत ऐकू येई.

मार्चअखेर हंबीररावांनी निकाल दिला. समितीपुढे शेषगिरींचे आकडे ठेवायचे. पद्मावतीचे अठ्ठेचाळीस उंदीर अहवालात बाद धरायचे, शेरा लिहायचा, 'हात बसलेला नाही.' समिती येऊन गेली की तिला ग्रंथालयात यादी करायला बसवायचं.

पद्मावतीनं हे उभ्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, एकदाच अदलाबदल करू या? मी कोंडून ठेवलेले सहा मंगळवारी अण्णांनी घ्यावेत. अण्णांचे सहा तानूबाईंकडे असतात, तसेच गुरुवारी ठेवू, ते शुक्रवारी मी घेते. हात अण्णांचा असेल तर लगेच दिसेल."

"दिसू दे की," राव उदारपणे म्हणाले. "पोरीचं समाधान तरी होईल."

मंगळवारी त्यांनी उंदरांशी नेहमीपेक्षा जास्तच गोड बोलून नळ्या सोडल्या. दोन तासांनी आम्ल घातलं. सहाही नळ्या कोऱ्या. रावांनी आम्लाची बाटली बदलली, नळ्या उजेडात धरल्या, चष्मा पुसला. कोऱ्याच.

"तुझ्या खोलीत राहून घाबरलेत बिचारे," ते शेवटी म्हणाले.

शुक्रवारी पद्मावतीनं, घड्याळाकडे बघत, एकाही उंदराशी एक अक्षर न बोलता, सहाच्या सहा नळ्या लालभडक करून दाखवल्या.

राव त्या नळ्यांकडे बघत राहिले. नऊ वर्षं ज्या हाताच्या भरवशावर काढली तो हात खिशात घालावा की बाहेर ठेवावा, हेही त्यांना सुचेना.

"अण्णा, एक विचारू? रागावू नका," पद्मावती म्हणाली. "मी काल चारला आणि आज सकाळी वजनं केली. रात्रभर उपाशी राहिलेला उंदीर आदल्या दिवसापेक्षा हलका भरतो. माझे भरतात. हे सहा भरले नाहीत. यांनी काल काहीतरी खाल्लंय."

"माझ्या उंदरांनी?" जणू घरच्या माणसावर चोरीचा आळ यावा तसे राव ताठ झाले. "मी स्वतः दर सोमवारी सांगतो तानूबाईला! धान्य काढून घ्या म्हणून!"

"सांगता की. बघता का?"

राव रागावले. येत्या सोमवारी बघून येतो आणि तुझी शंका फेडतो, असं बजावून ते त्या दिवशी चार वाजताच घरी गेले.

सोमवारी त्यांनी नेहमीप्रमाणे व्हरांड्यातून आवाज दिला, नेहमीप्रमाणे टोपी घातली, कोपऱ्यापर्यंत गेले, आणि कॉफी न घेता मागच्या फाटकानं परत आले. नऊ वर्षांत उंदरांच्या घरात ते संध्याकाळी कधी शिरले नव्हते. दारात वाकून उभे राहिले तर आत तानूबाई पाटावर बसलेली, मांडीजवळ पितळेची वाटी. शेंगदाण्याचा कूट, त्यात गूळ, वर तुपाची धार. त्याचे सुपारीएवढे लाडू वळून ती एकेका पिंजऱ्यात घालत होती, आणि रावांचे सहा उंदीर दोन्ही हातांत लाडू धरून बसले होते.

"तानूबाई!" राव ओरडले. "हे काय चाललंय?"

तानूबाई दचकली नाही. तिनं वर बघितलं आणि उरलेला लाडूही आत टाकला. "फराळ देतीया."

"फराळ? मी काय सांगितलं होतं? उंदीर उपाशी पाहिजेत!"

"मग उपाशीच हाईत की. धान्याला हात लावू दिला न्हाई. गहू न्हाई, हरबरा न्हाई, जुंधळा न्हाई. तुम्ही सांगितलं तसंच." तिनं हात पदराला पुसले. "तुमच्या लेकरांचा सोमवार, ताईंच्या लेकरांचा गुरुवार. माझाबी सोमवारच हाय. माझ्यासाठी करते त्यातलंच देते. दाण्याचा कूट उपासाला चालतोय, गूळ चालतोय, तूप चालतंय. आमच्यात बारकं पोर उपास धरू लागलं तर त्येला असंच देत्यात."

"आणि पद्माच्या उंदरांना?"

"त्या कुलूप लावून जात्यात." तानूबाईचा आवाज कडक झाला. "लेकरं ऱ्हात्यात तशीच. मी ताईंना कशाला बोलू? लिहिल्या-वाचलेल्या हाईत त्या. पर एक सांगते, रावसाहेब, रिकाम्या पोटी तसलं कडू औषध देणं बरं न्हवं. शेवटला गुरुवार तेवढा गावला, तुमच्यातली सहा हितं ऱ्हायली हुती, तवा त्यास्नी पोटभर दिलं."

शेषगिरीराव तिथेच एका उलट्या पिंजऱ्यावर बसले. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला, कारण रागवायचं कुणावर हेच कळेना. धान्य काढा म्हणून सांगितलं होतं, तिनं काढलं होतं. उपास म्हणजे कोरडा उपास, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या स्वतःच्या घरीसुद्धा एकादशीला रोजच्यापेक्षा जास्तच पदार्थ होत. अठ्ठेचाळीस उंदरांनी आठ सोमवार यथासांग फराळ केला होता, आणि त्याचं श्रेय घेत राव मान डोलावत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पद्मावतीला सगळं सांगितलं. सांगताना ती हसेल अशी तयारी त्यांनी ठेवली होती, आणि ती हसलीही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मध्येच थांबली.

"अण्णा, तूप! दाण्याचं तेल!"

"काय झालं?"

"सत्त्व पाण्यात विरघळत नाही, पण तेलात? आणि पोटात स्निग्ध काही गेलं की पित्त सुटतं. पित्त तेलाचे बारीक बारीक थेंब करतं. त्या थेंबांत बसून सत्त्व आतड्याच्या भिंतीपर्यंत जात असेल. तुमचे आकडे खरे आहेत, माझेही खरे आहेत!" एवढं लांब ती नऊ महिन्यांत बोलली नव्हती.

पुढचे दहा दिवस दोघांनी मान वर केली नाही. पद्मावतीनं एका परदेशी मासिकात वाचलेली नवी रीत काढली. उंदराच्या आतड्याचा बोटभर तुकडा घ्यायचा, झंपराची बाही उलटी करावी तसा तो उलटा करायचा, दोन्ही तोंडं दोऱ्यानं बांधायची आणि ही पिशवी सत्त्वाच्या पाण्यात सोडायची. सत्त्व भिंत ओलांडून पिशवीच्या आत उतरलं का, ते बघायचं. नुसत्या पाण्यात काही उतरलं नाही. पाण्यात थोडं तेल आणि थोडं पित्त घोटून घातलं, तर पिशवीतलं पाणी लाल रंग देऊ लागलं. मग त्यांनी बारा उंदीर घेतले, खरोखरचे उपाशी, पद्मावतीच्या कुलपातले. सहांना नुसतं सत्त्व, सहांना मोजून शेंगदाण्याच्या तेलातलं सत्त्व. पहिल्या सहा नळ्या कोऱ्या, दुसऱ्या सहा लाल.

ते बारा उंदीर उपाशी नेताना तानूबाई तोंड फिरवून उभी होती. काम आटोपल्यावर पद्मावतीनं त्या सगळ्यांना स्वतःच्या हातानं दाणे घातले, तेव्हा कुठे तानूबाई बोलली.

हंबीररावांना नळ्या दाखवल्या तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "तेल! वा! शेषगिरी, ही युक्ती तुम्हांलाच सुचणार! हाताला गुण, आणि आता डोक्यालाही!"

इथे रावांनी बोलायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण साहेब खुशीत होते, जागा समोर दिसत होती, आणि बसवनगुडीत गोदूबाईंनी माहेरी पत्र टाकून ठेवलं होतं, की या महिन्यात गोड बातमी येईल. राव म्हणाले, "छे छे, सर." अगदी नेहमीसारखंच. पद्मावतीनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ती नळ्या धुवायला गेली. रावांचे जुने अठ्ठेचाळीस उंदीर आणि पद्मावतीवरचा 'हात बसलेला नाही' हा शेरा अहवालात तसाच राहिला. त्या आठवड्यात राव गाण्याला गेले नाहीत. जेवताना गोदूबाई कायम झाल्यावर करायच्या गोष्टी सांगत, आणि ते भातात ताक कालवत बसत.

समिती शनिवारी सकाळी आली. तीन माणसं होती. त्यांतल्या दोघांनी नळ्या बघून माना हलवल्या आणि फराळ कधी आहे ते विचारलं. तिसरे बिंदुमाधवराव, म्हातारे, निवृत्त डॉक्टर, कानावर हात धरून ऐकणारे. त्यांनी अहवालाचं पानन् पान उलटलं आणि एका पानावर बोट ठेवलं.

"हे मला समजलं नाही," ते म्हणाले. "तेलानं सत्त्व रक्तात उतरतं, हे आता दिसलं. पण आधीच्या आठ आठवड्यांत तेल कुठे होतं? तरी यांच्या उंदरांत सत्त्व उतरलंय, आणि या मुलीच्या उंदरांत नाही. साल तीच, उंदीर तेच. असं का?"

"हाताचा फरक आहे, डॉक्टरसाहेब," हंबीरराव घाईनं म्हणाले. "शेषगिरींच्या हाताला..."

"हातानं औषध विरघळत नाही," म्हातारे म्हणाले आणि पद्मावतीकडे वळले. "बाळ, तुझे का नाही आले?"

खोलीत सगळे तिच्याकडे बघू लागले. पद्मावतीला उत्तर माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. ती खाली टेबलाकडे बघत गप्प उभी राहिली, आणि राव तिच्याकडे बघत राहिले. ही आपलं नाव घेणार नाही, हे त्यांना लख्ख कळलं. आपण गप्प राहिलो तर म्हातारा पुढचं पान उलटेल, जागा आपली होईल, आणि ही उद्या ग्रंथालयात यादी करायला बसेल. त्यांना गोदूबाईंची आठवण झाली, गोदूबाईंच्या वहिनीची झाली.

"तिचे बरोबर आले होते, सर," राव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच लहान वाटला. "माझे चुकले होते."

"म्हणजे?"

"माझे उंदीर उपाशी नव्हते."

"किती नव्हते?"

"अठ्ठेचाळीसमधला एकही नव्हता." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. सोमवार, गुरुवार, दाण्याचा कूट, गूळ, तूप. एक माणूस हसू लागला, दुसरा खोकला. हंबीररावांचा चेहरा पडला. "पण तानूबाईची यात चूक नाही," राव घाईनं म्हणाले. "तिला धान्य देऊ नका म्हणून सांगितलं होतं, तिनं दिलं नाही. मी चार वाजता निघून जायचो. आठ आठवड्यांत एकदाही मागे जाऊन बघितलं नाही. पद्मानं उंदरांची वजनं केली म्हणून हे कळलं, तेल आणि पित्त तिनंच ओळखलं. त्या पिशवीची रीतही तिची. मी फक्त..." त्यांनी टेबलावरच्या नळ्यांकडे बघितलं. "मी फक्त बसलो होतो, सर. आयत्यावर."

बिंदुमाधवरावांनी अहवाल स्वतःकडे ओढला. मग त्यांनी पेन काढलं, 'हात बसलेला नाही' या शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि पान उलटलं.

घरी जाऊन त्यांनी गोदूबाईंना सांगितलं. त्या आधी रागावल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, "कुणी विचारलं होतं का तुम्हांला?" राव म्हणाले, "नाही, तिला विचारलं होतं." संध्याकाळी गोदूबाईंनी माहेरी दुसरं पत्र टाकलं. त्यात काय लिहिलं ते त्यांनी रावांना दाखवलं नाही आणि रावांनी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी हुकूम आला. व्हरांड्यातल्या फळ्यावर लावला होता. कायम जागेवर पद्मावतीचं नाव. खाली दुसऱ्या ओळीत शेषगिरीरावांना आणखी एक वर्ष मुदतवाढ, तात्पुरती. हे असंच होणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी वाचताना आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं. दहाव्या वर्षी, वयाच्या चाळिशीत, आपल्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान मुलीच्या हाताखाली काम. ते दोनदा वाचून ते तिच्या खोलीत गेले.

पद्मावती उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

"अभिनंदन, पद्मा," राव म्हणाले. "मनापासून म्हणतोय. स्वल्प त्रास होतोय, तो होऊ दे. पण म्हणतोय मनापासून."

"अण्णा," ती म्हणाली, "त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं, तुम्ही बोलणार नाही."

शेषगिरीरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"मलाही तसंच वाटलं होतं," ते म्हणाले.